घरच्या ज्येष्ठांना जुन्या आवडत्या खानावळीत जेवायला नेताना: तयारी, क्रम आणि टाळता येणाऱ्या चुका

पुण्यात बहुतेक घरांची एक ठरलेली खानावळ असते. कोणाची टिळक रस्त्यावरची बादशाही, कोणाचे लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस, कोणाचे आपटे रस्त्यावरचे श्रेयस किंवा आशा डायनिंग हॉल. आजोबांचा वाढदिवस, परदेशातून आलेला मुलगा किंवा नातवाचा दहावीचा निकाल असे निमित्त निघाले की सगळे घर तिकडे निघते, आणि नेमका तिथेच घोळ होतो. जागा ओळखीची असल्यामुळे तयारीची गरज कोणालाच वाटत नाही. जागा तीच असली तरी तीस वर्षांपूर्वी जो माणूस दोन-दोन पायऱ्या चढून वर जात असे, त्याचे वय आता अठ्ठ्याहत्तर झालेले असते, ही गोष्ट दारात पोहोचल्यावर लक्षात येते.

माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही अकरा जण रविवारी दुपारी सव्वा वाजता त्यांच्या आवडत्या खानावळीत गेलो. वहीत नाव लिहिले आणि एक तास दहा मिनिटे उभे राहिलो. वडील जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते. पानावर बसेपर्यंत त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता आणि श्रीखंडाची वाटी समोर असूनही हात उचलत नव्हता. इन्सुलिनचे इंजेक्शन मी घरातून निघतानाच दिले होते. त्यात खानावळीची काहीच चूक नव्हती, सगळी चूक माझी होती. पुढचे टप्पे त्या दिवसानंतर एकेक करून ठरवले आहेत. ते थाळी वाढणाऱ्या जुन्या मराठी खानावळींसाठी आहेत. वैशाली-रूपालीसारख्या, पदार्थ सांगून मागवण्याच्या हॉटेलांना सातव्या टप्प्यातले बरेचसे लागू पडत नाही.

टप्पा १: ज्यांच्यासाठी जायचे त्यांना आधी विचारणे (चार-पाच दिवस आधी)

बेत जाहीर करण्यापूर्वी ज्येष्ठांशी स्वतंत्रपणे बोलावे. सगळ्यांसमोर विचारले तर "मला काही चालेल" एवढेच उत्तर मिळते. कवळी नवी आहे का, खालच्या बाजूने चावता येते का, जिना चढताना गुडघा धरतो का, बाहेर गेल्यावर स्वच्छतागृहाची अडचण वाटते का, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अनेक ज्येष्ठ केवळ त्या भीतीने बाहेर पाणी पीत नाहीत आणि जेवतानाही हात आखडता घेतात.

त्यानंतर भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. एकादशी टाळण्याचे बहुतेकांच्या लक्षात असते, पण संकष्टीचे राहून जाते. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो आणि चंद्रोदय काही महिन्यांत रात्री नऊच्याही पुढे असतो. खानावळीचे शेवटचे पान तोपर्यंत उठायला आलेले असते, म्हणून त्या दिवशी रात्रीचा बेत करूच नये. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात घरातील आजी कांदा, लसूण आणि वांगे खात नसतील, तर भरल्या वांग्याच्या दिवशी त्यांच्या पानात वरण, भात आणि कोशिंबीर एवढेच उरते. अशा वेळी निघण्याच्या दिवशी सकाळी खानावळीत फोन करून त्या दिवसाच्या दोन्ही भाज्या आणि उसळ कोणती, त्यांत कांदा-लसूण आहे का, हे विचारून घ्यावे. जुन्या खानावळींत भाजी वारानुसार किंवा बाजारानुसार बदलते, त्यामुळे आठवड्यापूर्वी विचारलेल्याचा उपयोग नसतो.

टप्पा २: एकट्याने जाऊन पाहणी करणे

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. घरातल्या एका माणसाने दोन-तीन दिवस आधी, ज्या वेळेला सगळ्यांना न्यायचे त्याच वेळेला, एकट्याने जाऊन जेवून यावे. एकट्याला जागा लवकर मिळते, आणि जेवताना सगळे नीट दिसते.

पायऱ्या मोजाव्यात. रस्त्यापासून दारापर्यंत किती, दारापासून टेबलापर्यंत किती, कठडा कोणत्या हाताला आहे आणि तो शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतो का, हे पाहावे. जुन्या इमारतींत जिन्याच्या पायऱ्या उंचीला सारख्या नसतात. एखादीच पायरी दोन बोटे उंच असते आणि पाय तिथेच अडतो. बसायला पाठीची खुर्ची आहे की नुसते बाक, हे पाहावे. बाक असल्यास भिंतीला टेकता येईल अशी जागा कोणती, ते लक्षात ठेवावे. हात धुण्याचे बेसिन किती अंतरावर आहे आणि तिथली फरशी ओली राहते का, हे बघावे. माझ्या पाहणीत घसरण्याची जागा दर वेळी जिन्यावर नव्हे, तर बेसिनपाशी आढळली आहे.

गल्ल्यावर पाच गोष्टी विचाराव्यात: नाव आधी नोंदवता येते का, किती जणांपर्यंत एकत्र बसवतात, लहान मुलांना वेगळा दर आहे का, गोड पदार्थ थाळीत आहे की वाटीचे पैसे वेगळे, आणि पैसे रोखच लागतात का. दरफलकाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे घरी हिशेब करता येतो.

*तपासणी: या टप्प्यानंतर तुम्हाला पायऱ्यांची संख्या, स्वच्छतागृहाची जागा आणि शेवटच्या पानाची वेळ आठवत न बसता सांगता आली पाहिजे. सांगता येत नसेल, तर पाहणी झालेली नाही.*

टप्पा ३: वार आणि वेळ

रविवार दुपार टाळावी. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, कारण सगळ्यांना सुटी त्याच दिवशी असते, पण वयस्कर माणसाला तासभर उभे करण्याची किंमत फार मोठी आहे. रविवारीच जायचे असेल, तर खानावळ उघडण्याच्या वेळेआधी दहा मिनिटे दारात असावे आणि पहिल्या पंगतीत बसावे. रविवारी संध्याकाळी बंद असणाऱ्या खानावळी पुण्यात आजही आहेत, त्यामुळे "दुपारी गर्दी असेल तर रात्री जाऊ" हा बेत आयत्या वेळी करू नये.

आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी पहिली पंगत ही मला सर्वांत योग्य वेळ वाटते. पोळ्या तव्यावरून थेट येतात, आमटी ढवळून ढवळून आटलेली नसते आणि वाढप्यांना बोलायला सवड असते. ज्यांचे दुपारचे जेवण घरी बारा वाजता होते, त्यांना बाहेर दोन वाजता जेवायला घालू नये. भूक मेल्यावर आवडीचा पदार्थही नकोसा होतो. गणेशोत्सवात पेठांतले अनेक रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद असतात, म्हणून त्या दिवसांत हा बेत पुढे ढकलावा.

टप्पा ४: औषधांचे नियोजन

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा टप्पा टाळता येण्यासारखा नाही. जेवणाआधीचे लगेच काम करणारे इन्सुलिन, तसेच ग्लिमेपिराइडसारख्या जेवणाच्या वेळेशी बांधलेल्या गोळ्या, जेवण समोर येणार हे नक्की झाल्याशिवाय घेऊ नयेत. इंजेक्शन घरी घेतले आणि जेवण तासाने मिळाले, तर साखर उतरते. आपल्या औषधाची नेमकी वेळ कोणती धरायची आणि गोडाच्या दिवशी काय करायचे, हे डॉक्टरांना बेत ठरल्याबरोबर विचारावे. मात्रा स्वतःच्या अंदाजाने बदलू नये.

हात थरथरणे, घाम सुटणे, एकाएकी चिडचिड होणे किंवा बोलणे अडखळणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. यंत्रावर साखर ७० च्या खाली दिसली आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र जवळ नसेल आणि लक्षणे दिसत असतील, तर तपासणीची वाट न पाहता साखर द्यावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये; १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पिशवीत साखरेची पुडी, पाण्याची बाटली आणि चार साधी बिस्किटे ठेवावीत.

*इशारा: "पोचल्यावर लगेच बसायला मिळेल" या भरवशावर औषध घरी घेऊन निघू नये. मी हेच केले होते.*

टप्पा ५: पोहोचणे

पेठांतले मुख्य रस्ते बहुतांशी एकेरी आहेत, त्यामुळे एक वळण चुकले की पुन्हा मोठा वळसा पडतो. गाडी चालवणाऱ्याने खानावळ कोणत्या हाताला येते हे आधी पाहून ठेवावे, कारण ज्येष्ठांना रस्ता ओलांडावा लागू नये हे गाडी लावण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. वाहन लावताना खांबावरची पाटी वाचावी: पी १ असलेल्या बाजूला विषम तारखेला आणि पी २ असलेल्या बाजूला सम तारखेला वाहन लावता येते. तारीख न पाहता लावलेली गाडी उचलून नेली, तर जेवून बाहेर आलेल्या ज्येष्ठांना फुटपाथवर उभे राहावे लागते.

माझ्या मते स्वतःची गाडी नेण्यापेक्षा ज्येष्ठांसाठी रिक्षा करावी. ती दारात थांबते, आणि तिच्यात बसणे-उतरणे गुडघ्यांना उंच गाडीपेक्षा सोपे जाते. बाकीच्यांना मंडई किंवा डेक्कन जिमखाना मेट्रो स्थानकापर्यंत येऊन पुढे चालता येते. तरुणांपैकी दोघांनी रिक्षेच्या आधी अर्धा तास पोहोचावे. वहीत नाव लिहिणे आणि रांगेत उभे राहणे हे त्यांचे काम. नाव जवळ आले की त्यांनी घरी फोन करावा, आणि मगच ज्येष्ठांनी निघावे. घर लांब असेल, तर जवळच राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे त्यांना आधी बसवावे.

टप्पा ६: बसण्याची रचना

अकरा जणांना एकाच टेबलावर बसायचे, हा आग्रह सोडावा. जुन्या खानावळीत टेबले चार किंवा सहा जणांची असतात आणि ती जोडण्यासाठी दोन्ही टेबले एकाच वेळी रिकामी व्हावी लागतात, ज्यात अर्धा तास सहज जातो. त्याऐवजी वहीत दोन नावे लिहावीत. पहिले रिकामे होणारे टेबल ज्येष्ठांना द्यावे आणि त्यांच्यासोबत असा माणूस बसवावा, ज्याला त्यांची औषधे, पथ्य आणि ऐकण्याची बाजू ठाऊक आहे.

ज्येष्ठांची खुर्ची कडेची, भिंतीकडे पाठ असलेली आणि वाढप्याच्या वाटेच्या विरुद्ध बाजूची असावी. वाढपी डाव्या खांद्यावरून वाढणार की समोरून, हे पाहणीत लक्षात आलेले असते. ज्या कानाने नीट ऐकू येते तो कान त्याच्याकडे असावा. काठी टेबलाला टेकवून ठेवू नये, कारण ती पडते आणि कोणाच्या तरी पायात येते. ती खुर्चीखाली आडवी ठेवावी. पंखा थेट डोक्यावर असेल, तर गरम वरण मिनिटभरात गार होते आणि मग ते घशाखाली उतरत नाही, म्हणून एक खुर्ची सरकवून घ्यावी.

*तपासणी: सगळे बसल्यावर, पहिला घास घेण्याआधी, औषध दिले का? आता द्यायचे असेल तर पान वाढायला सुरुवात झाली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून द्यावे.*

टप्पा ७: वाढप, आणि काय केव्हा घ्यायचे

जेवण बिघडते ते बहुतेक वेळा पहिल्या सात मिनिटांत. वाढपी भरभर येतात: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे, मग पोळी. भुकेलेला माणूस प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो आणि ताट गच्च भरते. ज्येष्ठांना भरलेले ताट पाहूनच दडपण येते. अन्न टाकायचे नाही, हा त्यांच्या पिढीचा पक्का नियम असल्यामुळे ते नको असलेलेही संपवतात आणि रात्री त्रास होतो.

म्हणून पहिल्या फेरीला प्रत्येक पदार्थ अर्धा घ्यावा. "अर्धा चमचा", "चतकोर पोळी" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते "थोडे" म्हटले तर वाढपी त्याच्या हाताच्या सवयीने वाढतो. पुरे झाल्यावर पळी वाटीवर येण्यापूर्वी तळहात वाटीवर आडवा धरावा. तोंडाने "नको, नको" म्हणेपर्यंत आमटी वाटीत पडलेली असते. ज्येष्ठांच्या वतीने बोलण्याची घाई करू नये. त्यांना वाढप्याशी स्वतः बोलू द्यावे, कारण त्या दोन वाक्यांची ओळख हेच तिथे येण्यामागचे अर्धे कारण असते.

पोळी एका वेळी एकच घ्यावी आणि ती येताच खावी. माझे वडील गरम पोळीची घडी चौपदरी मोडतात, वरच्या पदरावर तुपाची धार घेतात आणि पहिला तुकडा कोरडाच खाऊन पाहतात. त्यानंतर ते भाजीकडे वळतात. कवळी असलेल्यांसाठी पोळी लहान तुकडे करून आमटीत दोन मिनिटे भिजवावी. मटकीची उसळ चावत नसेल, तर तिचा रस्सा मागावा; बहुतेक ठिकाणी वरचा रस्सा वेगळा देतात. बटाट्याची भाजी आणि अळूचे फतफते हे दोन पदार्थ दात नसतानाही नीट खाता येतात.

मिठाचे पथ्य असलेल्यांनी पापड, लोणचे आणि मठ्ठा या तिघांपैकी एकच निवडावा. आमटीपेक्षा साधे वरण मागावे. गोडाचा क्रम शेवटचा ठेवू नये. मराठी ताटात जिलेबी किंवा श्रीखंड जेवणाच्या मध्येच येते, आणि ते पुरी-पोळीबरोबर थोडे थोडे खाल्ले तर एक वाटी पुरते. मधुमेह असलेल्यांनी गोड घ्यायचे ठरवले असेल, तर त्या जेवणातला भात किंवा एक पोळी कमी करावी. दोन्ही पूर्ण घेऊन वर गोड खाऊ नये. आमरसाच्या दिवसांत वाटी दुसऱ्यांदा भरण्यापूर्वी तिचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारावे.

भातासाठी जागा ठेवावी लागते, आणि ती ठरवून ठेवावी लागते. मसालेभात एक पळी, त्यावर तूप, आणि शेवटी ताकभात दोन घास. जो माणूस तिसऱ्या पोळीला थांबत नाही, त्याला ताकभात मिळत नाही, आणि मग जेवण मध्येच सुटल्यासारखे वाटते.

लहान मुलांना मोठ्यांच्या अमर्यादित थाळीतून भरवणे बहुतेक खानावळींत चालत नाही. त्यावरून वाढप्याशी वाद घालू नये, मुलाचे पान घ्यावे. मुलाला तिखट लागते म्हणून वरण, भात, तूप, लिंबू आणि बटाट्याची भाजी एवढेच वाढायला सुरुवातीलाच सांगावे.

*इशारा: बाहेर रांग दिसते म्हणून ज्येष्ठांना घाई करू नये. बाकीचे उठून बाहेर थांबले, तरी एकाने त्यांच्याजवळ बसून राहावे.*

टप्पा ८: बिल

पैसे कोण देणार, हे घरून निघण्यापूर्वी ठरवावे. गल्ल्यावर तिघांनी एकाच वेळी पाकीट काढले की ज्येष्ठ मागे उभे राहतात, आणि पाय तिथेच भरून येतात. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के असतो आणि बिलावर तो अडीच-अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. कंपोझिशन योजनेतील (लहान व्यावसायिकांना उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याची सोय देणारी योजना) खानावळीला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच कायम ठेवले. तसे शुल्क दिसल्यास काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे. वाढप्याला काही द्यायचे असेल, तर ते ज्येष्ठांच्या हातून द्यावे.

टप्पा ९: निघणे आणि घरी राहिलेल्यांचे पार्सल

हात धुवायला ज्येष्ठांना एकटे सोडू नये. त्यानंतर पाच मिनिटे बसू द्यावे. भरल्या पोटी एकदम उठून जिना उतरताना अनेकांना गरगरते. उतरताना मदत करणाऱ्याने त्यांच्यापुढे एक पायरी खाली राहावे, मागे नव्हे. रिक्षा दारात आल्यावरच त्यांना खुर्चीवरून उठवावे. चष्मा, कवळीची डबी, औषधांची पिशवी आणि काठी या चार वस्तू टेबल सोडण्यापूर्वी हाताला लावून मोजाव्यात.

अमर्यादित थाळीतले उरलेले बांधून मिळत नाही, त्यामुळे ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी पार्सल वेगळे मागवावे, आणि ते जेवण अर्ध्यावर असताना सांगावे, म्हणजे उठताना तयार असते. घरून स्टीलचा डबा नेल्यास आमटी सांडत नाही. पोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम असताना बांधू देऊ नयेत, त्या वाफेने चिकट होतात. कागदात किंवा स्वच्छ फडक्यात गुंडाळाव्यात. ताक आणि कोशिंबीर गरम डब्यापासून दूर ठेवावी. उन्हाळ्यात घरी पोहोचताच जेवावे, दोन तासांच्या पुढे ठेवू नये.

आमच्याकडे हे पार्सल आईच्या धाकट्या बहिणीसाठी असते, ज्यांना आता जिना चढता येत नाही. त्यांच्या डब्यात मसालेभाताबरोबर लिंबाची फोड वेगळ्या पुडीत लागते, आणि ती मागायला मी दोनदा विसरलो आहे, म्हणून आता ती पाहणीच्या यादीत सर्वांत वर लिहिलेली आहे.